जाणारा माणूस कर घेऊन जातो, जलवाहिनी मागेच राहते

स्थानिक अंदाजपत्रकावरची चर्चा कोणत्याही शहरात ऐकली तरी तिच्यातली दोन वाक्ये ठरलेली असतात. एक बाजू म्हणते, कर वाढवलेत तर लोक शहर सोडून जातील. दुसरी म्हणते, सेवा कमी केल्यात तर लोक शहर सोडून जातील. दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत आणि म्हणूनच त्यांच्यावर वर्षानुवर्षे वाद घालता येतो. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. कराचा दर किती, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. भरलेल्या करापैकी किती भाग आज, भरणाऱ्याच्याच दाराशी पाणी, दिवे, रस्ते आणि शाळा होऊन परत येतो, आणि किती भाग जुनी देणी फेडण्यात किंवा निघून गेलेल्यांच्या वाट्याचा खर्च उचलण्यात जिरतो, या हिशेबावर माणसे राहतात किंवा जातात. दर जास्त असूनही हा हिशेब जुळणारी शहरे आहेत, आणि तो एकदा बिघडला की केवळ दर कमी केल्याने तो सुधारत नाही.

या विषयावरचा सर्वांत प्रसिद्ध विचार अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स टीबू यांनी १९५६ साली मांडला. सार्वजनिक सेवांसाठी लोक खरोखर किती पैसे मोजायला तयार आहेत हे बाजारातून कळत नाही, कारण प्रत्येक जण आपली गरज कमी सांगून दुसऱ्याच्या पैशावर सेवा घेऊ पाहतो, अशी त्या वेळची मांडणी होती. टीबू यांनी उत्तर दिले की स्थानिक पातळीवर हे कळू शकते, कारण तिथे लोक मतपत्रिकेने नव्हे तर पायांनी मत देतात. कर आणि सेवा यांची वेगवेगळी जुळणी देणारी अनेक गावे शेजारी शेजारी असतील, तर ज्याला उत्तम शाळा हवी तो जास्त कराच्या गावी राहील आणि ज्याला ती नको तो कमी कराच्या. कल्पना सुंदर आहे, पण तिची गृहीतके वाचण्यासारखी आहेत: लोकांना सगळ्या गावांची पूर्ण माहिती आहे, घर बदलायला काहीही अडथळा नाही, गावांची संख्या भरपूर आहे आणि, माझे सर्वांत आवडते गृहीतक, प्रत्येकाचे उत्पन्न लाभांशातून येते, त्यामुळे नोकरीचे ठिकाण ही अडचणच उरत नाही. टीबू यांनी हे सारे उघडपणे लिहून ठेवले होते. त्यांचे नाव घेऊन कर कमी करण्याचा आग्रह धरणारे हा भाग सहसा वगळतात.

पुढे १९६९ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वॉलेस ओट्स यांनी अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातल्या ५३ नगरपालिकांची आकडेवारी तपासली. मालमत्ता कराचा दर जास्त असेल तर घरांची किंमत उतरते, आणि शाळांवरचा खर्च जास्त असेल तर ती चढते, असे त्यांना आढळले. वाढवलेला कर शाळांवर खर्च झाला, तर दोन्ही परिणाम बऱ्याच अंशी एकमेकांना खाऊन टाकतात. यातून निघणारी एक गोष्ट घरमालकांच्या लक्षात सहसा येत नाही. कर वाढला म्हणून घर विकून जाणारा माणूस त्या करातून सुटत नाही, कारण विकत घेणारा पुढच्या सगळ्या वर्षांचा कर मनात धरूनच किंमत पाडून मागतो. सेवांचे मोल न देणारा कर अशा रीतीने घराच्या किमतीत मुरतो आणि तो मुरत असताना जो मालक आहे त्याला तो एकरकमी बसतो.

मग जातो कोण? श्रीमंत आधी जातात, ही समजूत फार पक्की आहे. अमेरिकेत क्रिस्टोबल यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात करविवरणपत्रांवरून पाहिले, तेव्हा वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक कमावणाऱ्यांपैकी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांचे प्रमाण वर्षाला सुमारे २.४ टक्के निघाले, तर सर्वसाधारण लोकांचे २.९ टक्के. कारण उघड आहे. मोठी कमाई बहुधा एखाद्या ठिकाणच्या ओळखी, व्यवसाय आणि प्रतिष्ठा यांच्यावर उभी असते, आणि ती गाठोड्यात बांधून नेता येत नाही. मात्र हा आकडा राज्यांमधला आहे. शहराच्या हद्दीबाहेर, नोकरी तीच ठेवून, अर्ध्या तासाच्या अंतरावर राहायला जाणे ही गोष्ट फार सोपी असते आणि पालिकांची खरी डोकेदुखी तीच असते. स्वित्झर्लंडमध्ये कॅन्टन, म्हणजे तिथले प्रांत, आणि नगरपालिका आपापले आयकराचे दर ठरवतात. तिथे झुगसारख्या कमी कराच्या कॅन्टनकडे संपन्न लोक खरोखरच ओढले जातात, कारण झ्युरिकमधली नोकरी न सोडता तिथे राहता येते. तेव्हा ‘कर वाढला की लोक जातात का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. जाण्याचा खर्च किती आणि पलीकडे काय आहे, यावर ते अवलंबून आहे.

आता त्या हिशेबाकडे येतो, कारण सगळा गुंता तिथे आहे. वीस कुटुंबांच्या इमारतीतून आठ कुटुंबे गेली म्हणून लिफ्टची देखभाल, गच्चीची गळती आणि पाण्याचा पंप यांचा खर्च चाळीस टक्क्यांनी उतरत नाही. उरलेल्या बारा जणांची वर्गणी वाढते, आणि ती वाढली की बारामधले दोघे नवे घर शोधू लागतात. शहराचे तसेच असते, फक्त आवाका मोठा. जलवाहिन्या, मलवाहिन्या, पूल, पथदिव्यांच्या तारा, अग्निशमन केंद्रे यांची संख्या शहराच्या पसाऱ्यावर ठरते, माणसांच्या संख्येवर नाही. त्यात निवृत्तिवेतनाची भर पडते. ते तर शहर भरलेले असतानाच्या कर्मचारीसंख्येवर ठरलेले असते आणि रिकाम्या होत चाललेल्या शहराला ते फेडावे लागते.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातले डेट्रॉईट हे याचे बहुचर्चित उदाहरण आहे, पण त्याच्याकडे जरा जवळून पाहायला हवे, कारण त्याची गोष्ट नेहमी अर्धीच सांगितली जाते. १९५० मध्ये या शहराची लोकसंख्या सुमारे १८ लाख ५० हजार होती. २०१० च्या जनगणनेत ती ७ लाख १४ हजारांच्या घरात आली. शहराचे क्षेत्रफळ मात्र तेच राहिले, सुमारे ३६० चौरस किलोमीटर. लोक करामुळे गेले असे म्हणणे चूक आहे. मोटार कारखाने बाहेर गेले, महामार्गांनी उपनगरे जवळ आणली, गृहकर्जाच्या सरकारी धोरणांनी गोऱ्या कुटुंबांना उपनगरात घर घेणे सोपे केले आणि काळ्या कुटुंबांना ते जवळजवळ अशक्य केले, आणि वांशिक भीतीने बाकीचे काम केले. कर आले ते नंतर, निघून गेलेल्यांची तूट भरून काढायला. १९६२ मध्ये शहराने उत्पन्नावर कर लावला. आज तो शहरात राहणाऱ्यांना २.४ टक्के आहे आणि शहरात कामाला येऊन बाहेर राहणाऱ्यांना १.२ टक्के. तो लावण्यामागची निकड समजू शकते, पण त्याचा अर्थ कुटुंबाच्या डोळ्यांनी वाचून पाहा: तीच नोकरी ठेवून हद्दीपलीकडे राहायला गेलात तर कर निम्मा. राहण्याचा दंड आणि जाण्याचे बक्षीस एकाच तक्त्यात छापलेले आहे.

२०१३ पर्यंत परिस्थिती अशी आली की पथदिव्यांपैकी सुमारे ४० टक्के बंद होते, आणि निवृत्तांची संख्या कामावर असलेल्यांच्या दुपटीहून जास्त झाली होती. मालमत्ता कराचा दर राज्यातल्या सर्वांत चढ्या दरांमध्ये मोडत होता, आणि तरी २०११ च्या देयकांपैकी जवळजवळ निम्म्या मालमत्तांची देयके थकलेली होती. जुलै २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. दायित्वे सुमारे १,८०० कोटी डॉलरची होती. अंधाऱ्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाने भरलेल्या प्रत्येक डॉलरमधला मोठा हिस्सा कर्जाच्या हप्त्यांत आणि निवृत्तांच्या देण्यांत जात होता. ही देणी न्याय्यच होती. ज्यांनी आयुष्यभर बस चालवली, आगी विझवल्या, त्यांना ठरलेले वेतन मिळायलाच हवे. पण शेजारच्या उपनगरात कराचा बराच मोठा भाग आजच्या सेवेवर खर्च होत असताना या माणसाने तो कशासाठी भरायचा, हा प्रश्नही तितकाच खरा होता. दर वाढवून शहर त्याला उत्तर देऊ शकत नव्हते आणि दर उतरवूनही देऊ शकत नव्हते.

त्यातही एक अन्याय असा झाला की तो वाचताना आजही राग येतो. २००८ नंतर घरांच्या किमती कोसळल्या, पण शहराच्या दप्तरातली मूल्ये त्या प्रमाणात उतरवली गेली नाहीत. मिशिगन राज्याच्या घटनेनुसार करपात्र मूल्य बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त असता कामा नये. प्रत्यक्षात अनेक घरांवर त्याहून कितीतरी जास्त मूल्य धरून कर आकारला गेला, आणि स्वस्त घरांवर हा बोजा सर्वांत जड पडला. २०२० मध्ये एका वृत्तपत्राच्या पाहणीत २०१० ते २०१६ या काळातली ही जादा आकारणी किमान ६० कोटी डॉलरची असल्याचे समोर आले. करथकबाकीपोटी घरे जप्त होऊन लिलावात गेली, आणि ज्यांना जायचे नव्हते अशा लोकांना शहरानेच घालवले. गळती रोखण्याच्या चर्चेत आपण नेहमी जाऊ शकणाऱ्यांचा विचार करतो, त्यांना कसे रिझवावे हे पाहतो. जे जाऊ शकत नाहीत त्यांच्यावर ओझे सरकवणे सोपे असते, कारण ते निघून जाण्याची धमकी देऊ शकत नाहीत. नियमित आणि प्रामाणिक मूल्यांकन हे कंटाळवाणे प्रशासकीय काम आहे, पण माझ्या मते कराच्या दरापेक्षा त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवे. डेट्रॉईटने संपूर्ण शहराचे फेरमूल्यांकन २०१७ मध्ये पुरे केले, आणि तसे काम तिथे सहा दशकांहून अधिक काळ झालेलेच नव्हते.

दिवाळखोरीतून बाहेर पडताना शहराने पहिले ठळक काम कोणते केले, तर दिवे लावले. वेगळ्या प्राधिकरणामार्फत सुमारे ६५,००० एलईडी दिवे २०१६ च्या अखेरीपर्यंत बसवून झाले. जुने खांब होते तितके बसवले नाहीत. वस्ती आणि वाहतूक पाहून संख्या कमी केली, पण जे बसवले ते जळतात याची खात्री केली. २०२३ च्या लोकसंख्येच्या अंदाजात १९५७ नंतर प्रथमच शहराची लोकसंख्या किंचित वाढलेली दिसली. दिव्यांमुळे माणसे परत आली असा दावा मी करणार नाही, त्यामागे इतर बरीच कारणे आहेत. मुद्दा क्रमाचा आहे. दारासमोरचा दिवा ही अशी सेवा आहे की तिच्यावरून माणूस बाकीच्या सगळ्या कारभाराचा अंदाज बांधतो.

याच्या नेमके उलट टोक जपानच्या होक्काइदो बेटावरच्या युबारी या शहरात पाहायला मिळते. १९६० च्या सुमारास या कोळसा शहरात १ लाख १७ हजारांच्या आसपास लोक राहत होते. खाणी एकामागून एक बंद झाल्या, शेवटची १९९० मध्ये. तोपर्यंत आणि त्यानंतरही पालिकेने पर्यटनावर कर्ज काढून खर्च केला, आणि वर्षअखेरीची तूट अल्पमुदतीच्या कर्जांच्या फिरवाफिरवीत लपवून ठेवली. २००६ मध्ये हे बाहेर आले. फेडायची रक्कम सुमारे ३,५३० कोटी येन होती आणि शहरात उरली होती जेमतेम १३ हजार माणसे. त्यानंतरच्या आराखड्यात रहिवासी कर, मालमत्ता कर, मलनिस्सारण शुल्क असे सगळेच वाढले. सर्व प्राथमिक शाळांची मिळून एक झाली. १७१ खाटांच्या रुग्णालयाचे १९ खाटांचे चिकित्सालय झाले. कर्मचाऱ्यांचे पगार कापले गेले आणि अनेक जण नोकरी सोडून गेले. ‘देशातला सर्वांत जड बोजा आणि सर्वांत हलकी सेवा’ असे युबारीचे वर्णन जपानमध्ये रूढ झाले. लोकसंख्या आज सात हजारांच्या खाली आहे.

सावकारांच्या दृष्टीने हा आराखडा शिस्तीचा होता, आणि कर्जाचे हप्ते ठरल्याप्रमाणे फेडले गेले. पण कर आणि सेवा यांचा तोल इथे जाणीवपूर्वक दोन्ही बाजूंनी रहिवाशांच्या विरुद्ध ढकलला गेला. तरुण कुटुंबांनी काय करावे अशी अपेक्षा होती? शाळा लांब, रुग्णालय नाही, कर जास्त, आणि फेडायचे ते त्यांच्या जन्माआधीच्या किंवा शाळकरी वयातल्या कारभाऱ्यांचे कर्ज. ती गेली, आणि मागे राहिलेल्यांचे सरासरी वय वाढले. कर्जफेडीचा कालावधी वाढवून किंवा वरच्या सरकारने अधिक भार उचलून निदान शाळा आणि रुग्णालय टिकवणे शक्य होते, असे माझे मत आहे. चुका करणारे पुढारी गेले होते. शिक्षा राहिलेल्यांना झाली.

एवढे पाहिल्यावर काटकसर करावीच लागली तर कुठे करावी, याविषयी काही बोलता येते. बहुतेक पालिका आधी देखभाल कापतात, कारण ती कापलेली पहिल्या वर्षी दिसत नाही. जलवाहिनी यंदा बदलली नाही तर यंदा काही होत नाही. ती फुटते तेव्हा बहुधा कारभारीही दुसरेच असतात. म्हणून कागदावर सर्वांत स्वस्त दिसणारी ही कपात मला सर्वांत महाग वाटते. ती म्हणजे व्याजाचा उल्लेख नसलेले कर्जच असते, आणि पुढे येणाऱ्या रहिवाशाच्या नावावर ते चढते. त्यापेक्षा एखादे नवे सभागृह, सुशोभीकरणाचा प्रकल्प किंवा कोणी मागितलेले नसलेले क्रीडासंकुल रद्द करावे. त्याने गाजावाजा होतो, उद्घाटनाची फीत कापायची राहून जाते, पण त्यामुळे कोणी घर सोडत नाही. खर्च वाढतो त्या मानाने कर दरवर्षी थोडा थोडा वाढवणे हेही दहा वर्षे काहीच न वाढवता अकराव्या वर्षी दणका देण्यापेक्षा बरे. कुटुंबे आपले खर्च आधी आखतात, आणि त्यांना सोसत नाही तो धक्का.

अर्थात निश्चितीचाही अतिरेक होतो. कॅलिफोर्नियात ६ जून १९७८ रोजी मतदारांनी प्रस्ताव १३ मंजूर केला. मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर बांधला गेला आणि घर विकले जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येणार नाही असे ठरले. वाढत्या करामुळे म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्या घरातून निघावे लागू नये, हा हेतू चांगला होता आणि त्या वर्षांतली करवाढ खरोखरच भयंकर होती. परिणाम असा झाला की एकाच रस्त्यावरच्या दोन सारख्या घरांचे कर कित्येक पटींनी वेगळे झाले: तीस वर्षांपूर्वी घर घेतलेला थोडा भरतो, काल आलेला भरपूर. लोक राहिले हे खरे. पण त्यातले काही जण घर बदलले की कर उसळी घेईल म्हणून अडकून राहिले. पालिकांनी हातातून गेलेले उत्पन्न नव्या बांधकामांवरच्या शुल्कांतून उभे केले, त्यामुळे नव्याने येणाऱ्याला घर आणखी महाग झाले, आणि शाळांच्या पैशाचा निर्णय मोठ्या प्रमाणात राज्याच्या राजधानीत गेला. रहिवासी टिकवण्याचा अर्थ फक्त आजच्या रहिवाशांना टिकवणे असा घेतला की दार आतून बंद होते.

दुसऱ्याचे करदाते ओढून घेण्याच्या उपायाबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्यात फारसे रहस्य नाही. जर्मनीत ऱ्हाईनकाठच्या मोनहाइम या छोट्या शहराने २०१२ पासून व्यवसाय कर आसपासच्या शहरांपेक्षा बराच खाली आणला, कंपन्यांची नोंदणी तिकडे वळली, आणि त्या पैशातून शहराने मुलांची बालवाडी आणि रहिवाशांचा बसप्रवास मोफत केला. शेजारच्या लेव्हरकूझेनने २०२० मध्ये तोच मार्ग धरला आणि २०२४ मध्ये त्याला खर्चावर निर्बंध घालावे लागले. पहिल्याला जमते ते दुसऱ्याला जमत नाही, कारण ओढायला उरलेले कमी असते. जपानमध्ये २००८ पासून तर अशी सोय आहे की माणूस जागचा न हलता त्याच्या कराचा काही भाग दुसऱ्या गावाला देणगी म्हणून पाठवू शकतो, आणि ठरावीक मर्यादेपर्यंत २,००० येन वगळता बाकीची रक्कम त्याच्या करातून वजा होते. ओस पडत चाललेल्या गावांना मदत व्हावी हा हेतू होता. गावांनी देणगीदारांना भेटवस्तू द्यायला सुरुवात केली आणि त्याची बाजारपेठच झाली. २०२३ च्या आर्थिक वर्षात या देणग्या १ लाख कोटी येनच्या पुढे गेल्या. तोक्योतल्या सेतागाया प्रभागासारख्या ठिकाणी रहिवासी तिथेच राहतात, कचरा तिथेच टाकतात, मुले तिथल्याच पाळणाघरात ठेवतात, आणि कराचा काही भाग मात्र भेटवस्तूच्या बदल्यात दूर कुठेतरी जातो. टीबू यांनाही हे सुचले नव्हते.

स्वीडनमध्ये नगरपालिका आणि प्रादेशिक परिषदा मिळून उत्पन्नावर सरासरी सुमारे ३२ टक्के कर घेतात, आणि तरी तिथे करामुळे शहरे ओस पडल्याचे ऐकू येत नाही. त्यामागे सेवांचा दर्जा आहेच, पण त्याहून महत्त्वाची आहे ती नगरपालिकांमधली समानीकरणाची पद्धत. संपन्न आणि सोयीच्या भागातल्या नगरपालिकांकडून रक्कम घेऊन ती विरळ वस्तीच्या, वृद्धांचे प्रमाण जास्त असलेल्या नगरपालिकांना दिली जाते, म्हणून दूरच्या गावातल्या माणसाला तीच शाळा चालवण्यासाठी दुप्पट कर भरावा लागत नाही. देणाऱ्या नगरपालिका दरवर्षी कुरकुर करतात, आणि ती कुरकुर मला समजतेही. पण निघून गेलेल्यांच्या वाट्याचा स्थिर खर्च उरलेल्यांनीच भरायचा की सगळ्यांनी मिळून, या प्रश्नाला दुसरे प्रामाणिक उत्तर मला दिसत नाही. ते स्थानिक पातळीवर देता येत नाही, हीच त्यातली अडचण.

आणि काही ठिकाणी माणसे परत येणारच नाहीत हे मान्य करून काम करावे लागते. युबारीने पुढे तेच केले. ७६३ चौरस किलोमीटरच्या दऱ्याखोऱ्यांत, खाणींच्या तोंडाशी विखुरलेल्या वस्त्या शिमिझुसावा या मध्यवर्ती भागाकडे हळूहळू आणण्याचा आराखडा केला, म्हणजे पाण्याच्या, बर्फ काढण्याच्या आणि घरांच्या डागडुजीच्या खर्चाचा पसारा आवरता येईल. २०१६ मध्ये तिथल्या महापौरांनी रेल्वे कंपनी शाखामार्ग बंद करण्याची वाट न पाहता स्वतःच जाऊन तो बंद करा असे सुचवले, आणि त्या बदल्यात बससेवेसाठी पैसे आणि सहकार्य मागून घेतले. २०१९ मध्ये गाडी थांबली आणि तिच्याहून अधिक फेऱ्यांच्या बस सुरू झाल्या. आपल्या गावची रेल्वे स्वतःहून सोडणारा पुढारी निवडणुकीत पडेल असे कोणालाही वाटेल. हे गृहस्थ त्याच वर्षी होक्काइदोचे राज्यपाल म्हणून निवडून आले.